हवेच्या डब्यावरचे पाच खण

आत्या, आपल्या जीपच्या धुराचा दोष सगळे तुम्हाला देतात आणि मी ते ऐकून घेते. मागच्या आठवड्यात सरळगावला पुतण्याची हळद होती. जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं मांडवात पान खात बसली आणि तुमच्या मुलाने पुन्हा तीच गोष्ट काढली. आमच्या म्हातारीला दिसत नव्हतं, तिने देवीचा खण इंजिनाच्या नाकावरच बांधला, आणि बिचारी गाडी कितीतरी वर्षं नाक दाबून घाटापर्यंत पळत होती. सगळे हसले. हे वाईट मनाने सांगत नाहीत, हे तुम्हालाही कळेल. आईची आठवण काढायची त्यांची ती तऱ्हा आहे. मी तेव्हा पत्रावळी गोळा करत होते. मीसुद्धा हसले. पण घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पोथी उघडते, दोन ओव्या वाचते आणि उठते. तांदूळ निवडायला घेते तर निवडलेलेच पुन्हा निवडते. म्हणून आज दुपारी हे लिहायला बसले. तुम्हाला अक्षर ओळखीचं नव्हतं, हे काय मला माहीत नाही? तरी कोणाला सांगायचं तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगायला हवं.

लग्न होऊन वैशाखऱ्याला आले त्या दिवशी माप ओलांडल्या ओलांडल्या तुम्ही मला बजावलंत, "मला आई नको म्हनू गो. तुझी आई आहे तिकडं. आत्या म्हन." मला तेव्हा ते तोडून बोलल्यासारखं वाटलं. पुढे कळलं की माझ्या आईचं काही काढून घ्यायचं नाही म्हणून तसं म्हणालात. पण बोलण्याची धार अशी की चांगलं सांगितलेलंही टोचायचं. मी दहावी पास, म्हणून आल्या-गेल्याला तुम्ही "आमची शिकलेली" म्हणून माझी ओळख करून द्यायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. ह्यांनी शहापूरच्या एका ठेकेदाराची जुनी डिझेल जीप घेतली आणि वैशाखरे-टोकावडे-मुरबाड अशी पॅसेंजर मारायला लागले, तेव्हापासून मी गाडीची वही ठेवायला लागले. आज किती किलोमीटर झाले, किती लिटर डिझेल टाकलं, ऑइल कधी बदललं, एवढंच. रोज संध्याकाळी ह्यांना मीटरचा आकडा विचारायचा आणि लिहून ठेवायचा. तुम्ही म्हणायच्या, "गाडी पोटाला काय खाते तेबी लिवते ही. उद्या आमचे घास मोजल." मी हसून सोडून द्यायचे. सोडून दिलं असं दाखवायचे, असं म्हणते.

गाडीची खंडेनवमी मात्र तुमची होती, त्यात मला वाटा नव्हता. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः बॉनेट पुसायच्या, भिजवलेल्या चिंचेने पितळी दिवा लख्ख करायच्या. नवमीला गावदेवीच्या ओटीतला एक खण आणायचा, बॉनेट उघडायला लावायचं, रेडिएटरच्या बाजूला जो लोखंडी दांडा आहे त्याला तो खण बांधायचा, वर हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. आणि सगळ्यात आधी गेल्या वर्षीचा खण सोडायचा. तो गुंडाळून दसऱ्याला काळू नदीत सोडून यायच्या. एका वर्षी ह्यांनी विचारलं, राहू दे की जुना, कुठं अडतोय? तर तुम्ही म्हणालात, देवीला जुनेर नेसवून ठेवतात का? नवं घालायचं तर जुनं आधी उतरव. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय केलं ते सांगायचं आहे.

शेवटची खंडेनवमी. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. स्वयंपाकघरात मी नैवेद्याची खीर करत होते. चुलीशेजारी आळीतल्या दोघी-तिघी बसलेल्या. तुम्ही भिंतीला हात लावत आत आलात, परातीतला गुळाचा खडा चाचपून पाहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "देवीच्या खिरीलापन माप लावलंस का गो? वहीत लिवलंस का, देवीला किती वाढलं ते?" त्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी आणखी एक खडा टाकला. काटकसर माझ्या हाताला चिकटलेली आहे हे खरं, पण त्या दिवशी मी गूळ मुद्दाम कमी घेतला नव्हता, एक खडा आधीच विरघळलेला होता. ते मी बोलले नाही. माझे कान मात्र तापले होते, आणि तसेच तापलेले कान घेऊन मी तबक धरून तुमच्या मागे अंगणात आले.

ह्यांनी बॉनेट उघडलं आणि नारळ आणायला घरात गेले. जुना खण तुम्ही बोटांनीच शोधून सोडलात, कमरेला खोवलात. मग नवा खण बांधायला हात पुढे केलात तो दांड्यावर नाही पडला, शेजारच्या गोल काळ्या डब्यावर पडला. त्या डब्यातून इंजिनाला हवा जाते. वरच्या बाजूला भोवतीने त्याला फटी असतात आणि खाली तेलाची वाटी असते, धूळ त्या तेलात अडकते. मला हे माहीत होतं. दर महिन्याला ह्यांना त्या वाटीत घालायला तेल मीच काढून द्यायचे, आणि वहीत लिहायचे, 'हवेचा डबा, तेल बदलले'. तुम्ही खणाची पट्टी केलीत, डब्याच्या गळ्याभोवती नीट दोन वेढे घेतलेत, त्या फटी सगळ्या झाकल्या गेल्या, आणि तुम्ही घट्ट गाठ मारलीत. मी तबक धरून उभी होते. मी काही बोलले नाही.

मनात म्हटलं, हे बघतील आणि नंतर हळूच सोडून दांड्याला बांधतील. ह्यांनी बघितलंही. पण तुम्ही खण बांधून नमस्कार करून डोळे पुसत होतात, तेव्हा कोण बोलणार? दिवाळीनंतर बघू असं करता करता कार्तिकात तुम्ही तापाने अंथरूण धरलंत आणि आठ दिवसांत गेलात. मग तो खण आईच्या हातचा शेवटचा झाला. सर्व्हिसिंगला गाडी गेली की हे सांगायचे, वरच्या कापडाला हात लावू नका, आईने बांधलंय. पुढच्या वर्षी खंडेनवमी माझ्याकडे आली. मी नवा खण घेऊन उभी राहिले, गाठीला हात लावला आणि माझा हात मागे आला. मी जुन्यावरच नवा बांधला. आळीतल्या त्याच बायका होत्या. एक म्हणाली, "सासूची गाठ सोडवत नाय गो तिला. सून असावी तर अशी." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच, चौथ्या वर्षीही तेच. तुमची पद्धत मला ठाऊक होती, जुनं उतरवल्याशिवाय नवं घालायचं नाही. तरी मी एकावर एक चार खण चढवले. म्हणजे तुमचा धरून पाच.

तुम्हाला जाऊन साडेचार वर्षं झाली आणि त्या उन्हाळ्यात जीपचं पासिंग आलं. आता तुमच्या वेळेसारखं नाही राहिलं, आत्या. पॅसेंजर गाडीला दर वर्षी आरटीओत नेऊन दाखवायचं, आणि त्याआधी धुराची तपासणी करून पीयूसीचा कागद घ्यायचा. तो नसेल तर पासिंग नाही, आणि पासिंग नसेल तर गाडी अंगणात. मागच्या वर्षी काठावर पास झाली होती. मुरबाडला पंपावर तपासणीचं यंत्र असतं. मी त्या दिवशी मंगळवारची देवीला जाऊन येत होते म्हणून गाडीतच होते. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि ह्यांना म्हणाला, दाबा ॲक्सिलरेटर, पूर्ण. ह्यांनी दाबला आणि मागून असा काळा लोट निघाला की रस्त्यापलीकडची भाजीवाली टोपलीवर पदर धरून ओरडली, "भाजी धुऊन द्याल का आता तुमी?" आकडा पासष्टच्या आत यावा लागतो. अठ्ठ्याऐंशी आला. त्या माणसाने पुन्हा दोनदा करून पाहिलं, मग नळी गुंडाळली. म्हणाला, गाडी दाखवून या.

मग सुरू झालं ते तीन आठवडे चाललं. पहिल्यांदा ह्यांना वाटलं डिझेल भेसळीचं असेल, म्हणून डिझेल भरायचा पंप बदलला, टाकी रिकामी करून भरली. फरक नाही. डिझेलचा फिल्टर नवा टाकला. फरक नाही. मग शहापूरच्या मिस्त्रींकडे गाडी नेली, ज्यांच्याकडे ठेकेदाराच्या वेळेपासून ती जायची. त्यांनी नोझल काढून तपासले, दोन नोझल फवारा मारायच्या ऐवजी ठिबकत होते, ते बदलले. पुन्हा मुरबाडला तपासणी केली, आकडा थोडा उतरला, पण पासष्टच्या वरच. मग त्यांनी इंजिनाच्या पंपातून डिझेल कमी सोडलं. तशी धुराची बोंब थांबली, पण गाडीचा जीवच गेला. सावर्णेच्या चढाला भरलेली गाडी मध्येच दमली, आणि माणसं उतरून ढकलायला लागली. एक म्हातारा म्हणाला, भाडं देऊन ढकलायचं असंल तर आमचा बैल काय वाईट होता? ह्यांनी ते घरी येऊन सांगितलं, हसत, पण जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डिझेल पुन्हा होतं तेवढं केलं आणि धूर पुन्हा होता तेवढा झाला.

एक दिवस संध्याकाळी हे जेवायला बसले होते. मी भाकरी थापत होते. हे मिस्त्रींचं बोलणं सांगत होते. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय, पांढरा आला तर पाणी जातंय, आणि काळा म्हणजे दोनच गोष्टी, एक तर डिझेल जास्त, नाही तर हवा कमी. डिझेलचं सगळं बघून झालं. माझी भाकरी तव्यावर पडायच्या आधीच हातात फाटली. हवा कमी. मी वळून पाहिलं, हे ताटात भाताचं आळं करून आमटीची वाट बघत होते. त्यांना खरंच सुचलं नव्हतं, की सुचूनही ते आईच्या गाठीपाशी थांबत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र त्या क्षणी सगळं कळलं. कळलं म्हणणंही बरोबर नाही. माहीत होतंच, आता त्याला तोंड फुटलं.

आणि तरी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. देवासमोर बसले की जपाची माळ अर्ध्यात चुकायची. रात्रीची गाडी लावून हे घरात आले की मी अंगणात जायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि परत यायचे. उघडलं असतं, सोडलं असतं, पाच मिनिटांचं काम. पण सोडलं की विचारणार, का सोडलंस, कसं कळलं, आणि मग मागचं सगळं. देवीचं वस्त्र आहे ही भीतीही होतीच, नाही म्हणत नाही. पण ती भीती मी पुढे करत होते, मागे दुसरीच होती. पासिंगला आठ दिवस राहिले तेव्हा मुरबाडचा एक एजंट ह्यांना म्हणाला, गाडी आणायचीसुद्धा गरज नाही, कागद आणून देतो. हे घरी येऊन मला सांगायला लागले, आणि मी, आत्या, मी त्यांना म्हटलं, आपल्या घरात खोटा कागद येणार नाही, देवीच्या नावाने गाडी चालते आपली. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मग काय करू सांग. गाडी इकतो. कसाऱ्याला घाटात रस्त्याचं काम चाललंय, ठेकेदाराला डंपरवर ड्रायव्हर पायजे. पंधरा दिवसांनी घरी येईन." मी पदराने ओटा पुसत राहिले. खोट्याला नाही म्हणणारी मी, आणि खरं माझ्याच तोंडात बंद.

मिस्त्रींनी निरोप धाडला, गाडी किती डिझेल खाते ते नीट सांगा, अंदाजाने नको. हे म्हणाले, माझी बायको वही ठेवते. तर मिस्त्री म्हणाले, वही आणा, आणि वहिनींनाच घेऊन या, तुमाला त्यातलं काय कळणार. असं आम्ही किन्हवलीवरून शहापूरला गेलो. एवढा रस्ता, पण मी एकदाही बाहेर बघितलं नाही. वह्या मांडीवर धरून बसले होते. मिस्त्रींचं गॅरेज तुम्ही पाहिलं नव्हतं. पत्र्याची शेड, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजी दोन फुलं, आणि खाली हत्यारं अशी ओळीने लावलेली की मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. माणूस वयाने ह्यांच्याहून मोठा, बोलायला सावकाश. त्यांनी हात पुसले, वही घेतली आणि एकेक पान बघायला लागले. लिटरला किती किलोमीटर ते मी दर महिन्याच्या शेवटी काढून लाल शाईने लिहायचे. सुरुवातीच्या वर्षांत अकरा, सव्वाअकरा. मग साडेदहा. मग दहाच्या खाली. मग नऊ, आणि शेवटी आठ. मिस्त्रींचं बोट एका जागी थांबलं, मग पुढच्या वहीतल्या एका जागी थांबलं, मग त्याच्या पुढच्या. म्हणाले, "वहिनी, हा आकडा दर वर्षी एकाच वेळेला खाली येतो. दसऱ्याच्या पुढच्या महिन्यात. दसऱ्याला तुमी गाडीचं काय करता?"

एवढंच विचारलं. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मला दिसलं की उत्तर त्यांना ठाऊक आहे. माझ्याच वहीने मला पकडलं होतं, आणि मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, "मिस्त्री, बॉनेट उघडा. ते मी सोडते."

हे मध्ये आले. म्हणाले, "आईचं आहे ते." मी म्हटलं, "आत्या दर वर्षी स्वतःच्या हाताने सोडायच्या. जुनं ठेवलंय ते आपण ठेवलंय." ते बाजूला झाले, पण माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. वरचे खण सहज सुटले. पाचव्यावर नुसती धूळ, चौथा धुळीने भुरा झालेला, तिसरा काळपट, दुसरा तेल पिऊन ताडपत्रीसारखा ताठ. हातात घेतला तर घडी मोडेना. आणि सगळ्यात आत तुमचा. त्याचा हिरवा रंग कुठे होता म्हणून शोधावा लागत होता. गाठ आवळून दगड झालेली. मिस्त्रींनी पान्हे बाजूला सारून पातं पुढे केलं. मी नको म्हटलं. मंगळसूत्राला सेफ्टी पिन होती, ती काढली आणि तिच्या टोकाने एकेक पदर सैल करत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. गॅरेजमध्ये दुसरं काम थांबलेलं. गाठ सुटली तेव्हा माझी बोटं काळी झाली होती आणि डब्याच्या फटी पहिल्यांदा दिसल्या, अर्ध्या काजळीने बुजलेल्या.

मिस्त्रींनी डबा उतरवून रॉकेलने धुतला, नवं तेल घातलं, बसवला. हे आत बसले आणि ॲक्सिलरेटर दाबला. पहिला एक काळा भपकारा आला, जणू इतक्या वर्षांचं साचलेलं होतं तेवढं, आणि मग इंजिनाचा आवाजच बदलला. गळा मोकळा झालेल्या माणसासारखा. मागे राखाडी, मग राखाडीही नाही. त्याच दिवशी परत येताना मुरबाडला तपासणी केली, बावन्न आला. त्या माणसाने कागद छापून दिला, ह्यांनी तो दोन वेळा वाचला आणि माझ्या हातात दिला, जशी रोजची कमाई द्यायचे तसा. रस्त्यात टोकावड्याच्या पुढे त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं गं?" मी म्हटलं, "आत्ताच. वही बघताना." ते खूश झाले. म्हणाले, आई म्हणायची वही कशाला, बघ आता.

एक सांगायचं राहिलं. निघताना हे चहा सांगायला रस्त्यापलीकडे गेले होते, तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं की तुम्हाला पहिल्याच दिवशी संशय आला असेल ना. ते फडक्याने हात पुसत राहिले. म्हणाले, "आला होता. पन आमी बौद्ध लोक, वहिनी. मी म्हटलं असतं हे काढा, तर गावात कोनी तरी म्हटलं असतंच, मिस्त्रीने मुद्दाम देवीचं कापड काढायला लावलं. म्हनून वही मागवली. वहीच बोलली तर बरं." मग म्हणाले, "आमचा बाप सांगायचा, दुसऱ्याच्या श्रद्धेला हात लावायचा नाय. पन ती गाडीच्या आड आली की लई अवघड होतं." मला त्यांच्यापुढे मान वर करता आली नाही. तीन आठवडे एक माणूस लोकांच्या तोंडाला भिऊन गप्प होता, त्याला कारण होतं. मला कोणतं होतं?

पाचही खण मी काळूत सोडले. चार एका वेळी आणि तुमचा वेगळा. जीप त्यानंतर पाच वर्षं चालली, मग नवे कायदे आले, वयही झालं, ती गेली. गोष्ट राहिली. सुरुवातीला हे सांगायचे की वहीमुळे कळलं, मग हळूहळू वही गळाली आणि म्हातारीचं न दिसणं तेवढं उरलं. हसायला तेच बरं पडतं. आज मी ठरवलं होतं की चहाला आले की ह्यांना सांगायचं. ते आले, चहा घेतला, सोसायटीच्या मीटिंगचं काहीतरी बोलले आणि गेले. कप अजून इथेच पडलाय. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. फक्त एक ओळ दुरुस्त करायची आहे. वर मी लिहिलं की तुम्ही खण बांधलात तेव्हा मी काही बोलले नाही. ते खोटं आहे. तुमचा हात डब्यावर पडला तेव्हा तुम्ही थांबलात, डोळे माझ्या दिशेने केलेत आणि विचारलंत, "हाच ना गो दांडा?" तुम्हाला दिसत नव्हतं म्हणूनच तर विचारलंत. मला चांगलं दिसत होतं. मी "हो" म्हणाले.